आधी कळ, मग रंग

मागच्या अंकात माझ्या कामाबद्दल छापून आलं. व्हिनाइलच्या किंवा लाकडाच्या बाहुल्या घ्यायच्या, त्यांच्या पोटात कॅम, गिअर, मोटर बसवून त्या हलत्या करायच्या आणि मागणाऱ्यापुरतं एकेकच खेळणं बनवायचं, असं माझं काम. त्यावर बरीच पत्रं आली. संपादकांनी त्यातला गठ्ठा माझ्याकडे धाडून दिला आणि म्हणाले, "ताई, आता तुम्हीच निस्तरा."

"तुम्ही हे शिकलात कुठे?" असं बऱ्याच जणांनी विचारलंय. त्यांना एकदाच सांगते. गणपतीतल्या हलत्या देखाव्यांच्या मागे बसून शिकले. आबा पुण्यातल्या मंडळांना देखाव्याची यंत्रणा करून द्यायचे. पडद्यापुढे अफझलखानाचा वध चाललेला आणि मागे वायपरची मोटर, सायकलची चेन आणि घामाघूम आबा. महाराजांचा हात वर गेला की पब्लिक टाळ्या वाजवायचं. आमचं लक्ष मात्र तो हात खाली येताना अडकतोय का, याच्याकडे.

प्रश्न : मी कोल्हापूरला चित्रकलेच्या शेवटच्या वर्षाला आहे. कस्टम करण्यासाठी कोरी, पांढरी, सात इंची 'मनी' बाहुली मागवली आहे. तिचं पंख फडफडवणारं वटवाघूळ करायचं आहे. रंगाची स्केचेस तयार आहेत. ताई, मोटर कुठे बसवू?

रंगाची स्केचेस आधी कपाटात ठेव. तू चित्रकलेचा विद्यार्थी, म्हणजे तुझा हात पहिल्यांदा ब्रशकडे जाणार, हे ओघानंच आलं. पण रंगवलेल्या बाहुलीला नंतर भोक पाडायला जीव होत नाही. मग मोटर जिथे बसायला हवी तिथे न बसता, जिथे नक्षी नाही तिथे बसते आणि सगळंच बिघडतं.

आधी पुठ्ठा घे. वहीच्या मागचा जाड पुठ्ठा, टाचण्या आणि सायकलच्या स्पोकचा तुकडा एवढ्यात फडफडणाऱ्या पंखांचा सांगाडा उभा राहतो. एक फिरती चकती, तिच्या कडेजवळ खिळा, खिळ्याला उभी दांडी आणि दांडीच्या वरच्या टोकाला दोन्ही पंखांची मुळं. चकती फिरली की दांडी खालीवर होते आणि पंख झडपतात. हे हाताने फिरवून बघ. पंख किती उघडावेत, कुठे आपटतात, ते पुठ्ठ्यावरच कळू दे. पुठ्ठा फाटला तर दहा रुपये गेले.

मग बाहुलीकडे वळ. ती आतून पोकळ असते, कारण व्हिनाइलच्या बाहुल्या साच्यात ओतून, साचा फिरवून करतात. मान काढायची तर जोर लावू नकोस. गरम पाण्यात धर किंवा केस वाळवायच्या ड्रायरने शेक. पीव्हीसी, म्हणजे हेच व्हिनाइल, मऊ पडलं की डोकं अलगद निघतं. पाणी उकळतं नको, नाहीतर कानांचा आकार जातो. ॲसिटोनला तर हातच लावू नकोस, त्याने पीव्हीसी विरघळून चिकट होतं.

मोटर पोटात, तळाशी ठेव. वजन खाली असलं की बाहुली लवंडत नाही. सर्व्हो, म्हणजे सांगू तेवढ्याच कोनात वळणारी छोटी मोटर, वापरणार असशील तर एक हिशेब करून घे. बाजारात मिळणाऱ्या त्या छोट्या निळ्या ९ ग्रॅमच्या सर्व्होची ताकद ४.८ व्होल्टवर साधारण १.८ किलो-सेंटिमीटर सांगतात. म्हणजे आसापासून एक सेंटिमीटरवर १.८ किलो. तुझा पंख नऊ सेंटिमीटरचा असला तर टोकाला उरले फक्त २०० ग्रॅम, आणि तेही मोटर पार दमलेली असताना. त्याच्या एक तृतीयांशावर भागव. पंखाला एम-सीलचा थर देऊन तो 'दणकट' करायचा मोह होईल. तो आवर. पंख ओएचपीच्या पारदर्शक शीटचे किंवा पातळ कापडाचे कर.

रंग सगळ्यात शेवटी. तोही ॲक्रिलिक, पातळ थरांत. काही स्प्रे पेंट व्हिनाइलवर कधीच पुरते सुकत नाहीत, कारण प्लॅस्टिक मऊ ठेवणारं रसायन आतून वर येत राहतं. महिन्याने बाहुली उचललीस तर बोटांचे ठसे उठतात.

प्रश्न : मी नाशिकला एका कारखान्यात मेंटेनन्सला आहे. मुलासाठी लाकडाचं घुबड केलं. गिअरवाली मोटर आणि क्रँक लावून मान डावी-उजवीकडे फिरते. यंत्रणा एकदम स्मूथ आहे, कुठेही अडकत नाही. तरी बघणारे म्हणतात, "टेबलफॅन आहे का हा?" काय चुकतंय?

यंत्रणा एकदम स्मूथ आहे, हेच चुकतंय.

बघणारे बरोबर बोलले, कारण टेबलफॅनमध्येही क्रँकच असते, म्हणजे फिरती चकती आणि तिच्या कडेच्या खिळ्याला जोडलेली दांडी. क्रँक मधोमध वेगात जाते, टोकाला मंदावते, वळते, परत येते, पण थांबत कधीच नाही. खरं घुबड मात्र बहुतेक वेळ थांबलेलंच असतं. त्याचे डोळे खोबणीत फिरत नाहीत, म्हणून बघायचं तर अख्खी मान वळवावी लागते. ती २७० अंशांपर्यंत वळू शकते. पण ते झटक्यात वळतं आणि मग खिळून बघत राहतं. त्या खिळून बघण्यात घुबडपणा आहे. तुमच्या घुबडाला बघायला फुरसतच नाही.

क्रँक काढा आणि कॅम लावा. कॅम म्हणजे वेड्यावाकड्या कडेची चकती. तिच्या कडेवरून एक छोटं बेअरिंग चालतं आणि कड जशी वरखाली होईल तसं ते सरकतं. जिथे कड केंद्रापासून एकाच अंतरावर आहे तिथे चकती फिरते, पण बेअरिंग हलत नाही. तोच तुमचा थांबा. घुबडासाठी मी अशी आखणी करेन : १३० अंश स्थिर, समोर बघतंय. पुढच्या २० अंशांत चढ, म्हणजे मान झटक्यात उजवीकडे. मग १५० अंश तिथेच. उरलेल्या ६० अंशांत सावकाश उतार, मान परत समोर. मोटर मिनिटाला १० फेऱ्यांची घेतलीत तर एक फेरी सहा सेकंदांची. त्यात मान वळायला सेकंदाचा तिसरा हिस्सा लागतो आणि अडीच सेकंद घुबड टक लावून बसतं. तुमचा मुलगा मान वळेपर्यंत श्वास रोखून बघेल, खात्री बाळगा.

चकती छोटी करू नका. २० अंशांत सहा मिलिमीटर चढवायचं असेल तर चकतीचा व्यास निदान आठ सेंटिमीटर हवा. चार सेंटिमीटरच्या चकतीवर तोच चढ इतका उभा होतो की बेअरिंग वर जाण्याऐवजी बाजूला रेटलं जातं आणि सगळं कुंथायला लागतं. बेअरिंगच्या पट्टीपासून तार काढून ती मानेच्या दांड्याला जोडलेल्या छोट्या हाताला बांधा. हा हात आठ मिलिमीटरचा ठेवलात तर सहा मिलिमीटरच्या ओढीत मान साधारण ४५ अंश वळते. परतीसाठी हलकी स्प्रिंग पुरे. मेंटेनन्सच्या माणसाला यापुढचं सांगायला नको.

सर्व्हो आणि आर्डुइनोवर (मोटरला हुकूम देणारा, कोड घालता येणारा छोटा सर्किट बोर्ड) काम करणाऱ्यांनीही हेच ध्यानात ठेवावं. कोडमध्ये थांबे टाका, आणि ते दर वेळी सारख्याच लांबीचे ठेवू नका. थांबा कधी दोन सेकंदांचा, कधी पाच. घड्याळ लावल्यासारखं कोणी जिवंत असत नाही. (पुण्यातली दुकानं सोडून.)

प्रश्न : मी आयटीआयतून निवृत्त झालेला निदेशक, सांगली. तुमच्या कामात मला काही नवं दिसत नाही. चावीची माकडं, टिनाच्या कोंबड्या आमच्या लहानपणीही होत्या. 'डिझायनर' म्हटलं की किंमत वाढते, एवढंच.

सर, पहिलं वाक्य मान्य. यात नवं काहीच नाही, आणि तुमच्या लहानपणापेक्षाही हे कितीतरी जुनं आहे. टिपू सुलतानाचा लाकडी वाघ आठवा. श्रीरंगपट्टण पडल्यावर १७९९ मध्ये इंग्रजांनी उचलून नेला, तो आता लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. वाघ एका गोऱ्या शिपायाच्या नरडीवर बसलाय. कळ फिरवली की शिपायाचा हात वरखाली होतो, आतल्या भात्यांतून त्याचं विव्हळणं आणि वाघाची गुरगुर निघते. एका माणसाच्या मनातली एकच गोष्ट, एकाच खेळण्यात. यापेक्षा जास्त 'कस्टम' काय असणार!

जपानमध्ये त्याच शतकात चहा नेणारी बाहुली होती. हातातल्या तबकात कप ठेवला की ती पाहुण्याकडे चालू लागते. पाहुण्याने कप उचलला की थांबते. चहा पिऊन रिकामा कप परत ठेवला की वळून माघारी जाते. तिची स्प्रिंग व्हेल माशाच्या तोंडातल्या झालरीची असायची. मला तिच्यात सगळ्यात आवडतं ते तिचं थांबणं. पाहुणा चहा पीत असेपर्यंत ती समोर उभी राहते, अगदी आपल्याकडच्या सुनेसारखी!

आणि तुमच्यातल्या निदेशकाला आवडेल अशी एक गोष्ट. अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या फ्रँकलिन इन्स्टिट्यूटकडे १९२८ मध्ये एका कुटुंबाने जुना, मोडका यंत्रमानव दिला. आगीत सापडून त्याची दुर्दशा झाली होती आणि तो नक्की कोणाचा, याचा पत्ता नव्हता. तिथल्या कारागिराने तो दुरुस्त केला, चावी दिली. बाहुल्याने चित्रं काढली, कविता लिहिल्या आणि एका फ्रेंच कवितेच्या कडेला लिहिलं, 'मायार्देच्या यंत्राने लिहिले.' बनवणाऱ्याचं नाव पितळी कॅमच्या कडांमध्ये शंभराहून जास्त वर्षं पडून होतं! कॅमची कड किती मिलिमीटरवर कापायची, यातच सगळी अक्षरं आणि चित्रं. हे तुम्ही लेथवर पोरांना शिकवलंत, तेच.

किमतीबद्दलचं दुसरं वाक्य मात्र मला तितकंसं पटलं नाही. चावीचं माकड हजारोंनी निघायचं, म्हणून स्वस्त पडायचं. मी एकच करते. तुमच्या हाताखालून निघालेल्या टर्नरला विचारा, एकच नग घासायला तो काय घेईल.

प्रश्न : दहा वर्षांच्या लेकीला लबुबू हवी आहे. सगळ्या मैत्रिणींकडे आहे म्हणे. नऊ दातांच्या त्या बाहुलीत एवढं काय आहे? आणि याला कला म्हणायचं का? — एक बाबा, डोंबिवली

कला म्हणायचं की नाही ते तुम्ही ठरवा, पण ती आली कुठून ते सांगते. १९९९ च्या सुमारास हाँगकाँगमध्ये मायकेल लाउ नावाच्या चित्रकाराने रस्त्यावरच्या पोरांसारख्या कपड्यांतल्या बाहुल्यांचं प्रदर्शन मांडलं. तिथून चित्रकारांनी स्वतःची खेळणी थोड्या संख्येत काढायची, हा प्रकार रुजला. अमेरिकेत २००२ मध्ये किडरोबोट कंपनी निघाली आणि २००४ मध्ये तिने 'डनी' नावाची सशाच्या कानांची बाहुली काढली. आकार एकच, त्यावर वेगवेगळ्या चित्रकारांनी रंगकाम करायचं. लबुबूही मुळात हाँगकाँगचा चित्रकार कासिंग लुंग याच्या २०१५ मधल्या चित्रकथांतली. २०१९ मध्ये ती पॉप मार्ट या चिनी खेळणी कंपनीकडे गेली आणि बंद डब्यातून विकायला लागली. डब्यात कोणती निघेल, हे माहीत नसतं. तुमच्या लेकीच्या वर्गातली सगळी गंमत त्या डब्यात आहे. बाहुलीत तसं विशेष काही नाही.

घ्यायची तर घ्या. जत्रेत आपण काय कमी हट्ट केले? पण तिला सोबत एक कोरी बाहुलीही द्या, आणि ती फोडून बघायची परवानगीसुद्धा. माझ्याकडे कार्यशाळेला येणाऱ्या मुली पहिला अर्धा तास बाहुलीला चेहरा काढतात आणि मग विचारतात, "हिला डोळा मारता येईल का?" त्या क्षणी मी पेन्सिलचं रबर आणि तार पुढे करते.

प्रश्न : आम्ही दोघं नवरा-बायको छत्रपती संभाजीनगरला हलती लाकडी खेळणी करतो. विकायला आयएसआय लागतं का? किंमत कशी लावायची?

१४ वर्षांखालच्या मुलांनी खेळावं म्हणून केलेल्या खेळण्यांना १ जानेवारी २०२१ पासून आयएसआय मार्क सक्तीचा आहे. केंद्र सरकारच्या हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंदणी केलेल्या कारागिरांनी स्वतः बनवून विकलेल्या वस्तूंना त्यातून सूट आहे. तेव्हा पहिलं काम ही नोंदणी. 'मोठ्यांसाठी शोभेची वस्तू' असं लेबल लावायचं आणि चित्रात हसरं बाळ छापायचं, हे करू नका.

कायदा बाजूला ठेवून दोन गोष्टी. बटन सेलची जागा नेहमी स्क्रूने बंद होणारी हवी. तो सेल मुलाने गिळला तर दोन तासांत अन्ननलिका भाजू शकते. आणि ताकदवान छोटे चुंबक तर टाळाच. दोन गिळले गेले तर आतड्याच्या दोन्ही बाजूंनी एकमेकांना धरतात.

किमतीत लाकूड-मोटर धरता तसे तास धरा, आणि दुरुस्तीचेही धरा. हलतं खेळणं दुरुस्तीला परत येणारच. दुसऱ्या कलाकाराच्या बाहुलीवर काम करून 'कस्टम' म्हणून एक नग विकणं या जगात चालतं. तिचा सिलिकॉनचा साचा काढून रेझिनच्या प्रती ओतणं म्हणजे सरळ चोरी.

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीला असतो. आजी पुण्यात काकांकडे. मार्चमध्ये तिला ८० पूर्ण होतील. जात्यावर दळणारी आजी, असं खेळणं कराल का? ते आम्ही इथे मागवून, येताना घेऊन येऊ. तिने लहानपणी रोज दळलंय.

करेन. फक्त ते इथेच पुण्यात ठेवू. खेळण्याने दोनदा विमानप्रवास करावा, असं काही त्यात नाही! आणि बॅटरी घालणार नाही. तुमच्या आजीला चार्जिंगची केबल शोधायला लावणं बरं नव्हे. हाताची कळ ठेवू. ती स्वतः फिरवेल.

हे खेळणं करायला सोपं वाटतं, कारण जातं म्हणजे मुळातच क्रँक. पण नवशिके काय करतात, बाईचा हात हलवायला यंत्रणा बसवतात आणि त्या हाताने जातं फिरवायला बघतात. हात थरथरतो, जातं अडतं. उलटं करायचं. कळ खालून जातं फिरवते, जात्याचा खुंटा हाताला ओढत नेतो आणि खांदा, कोपर, कंबर हे सांधे नुसते सैल ठेवायचे. कंबरेला एक बिजागरी दिली की बाई आपोआप पुढे झुकते, मागे येते. ते झुकणं मला बसवावं लागत नाही, सैल सांध्यातून ते आपसूक येतं.

आता दुसरा हात. हा वैरण, म्हणजे जात्यात मूठमूठ धान्य, घालणारा. तो सारखा हलला तर ती दळत नाही, माश्या हाकलतेय असं वाटेल. म्हणून जात्याच्या सहा फेऱ्यांना एकदाच तो हात सुपाकडे जाईल, मूठ उचलेल, जात्याच्या तोंडाशी येईल, थबकेल आणि परत मांडीवर जाईल. त्यासाठी सहास एक असा गिअर आणि एक कॅम. कॅमचा जवळपास तीन चतुर्थांश भाग सपाट, म्हणजे हात मांडीवर स्वस्थ. तुम्ही दिलेल्या पैशांतला मोठा हिस्सा त्या स्वस्थ बसण्यासाठी जाणार आहे, हे आधीच सांगितलेलं बरं.

अंग पांगाऱ्याच्या लाकडाचं करेन. सावंतवाडीच्या चितारआळीतल्या खेळण्यांना पूर्वापार हेच लाकूड वापरत. हलकं, कोरायला मऊ. पण कॅमला पांगारा चालत नाही, बेअरिंग त्यावर चालून चालून खोबण पडते. कॅम सागाचा.

आजीचे जुने फोटो पाठवा, पण लग्नातले नकोत. घरातले, कामातले असतील ते. ती डाव्या हाताने दळायची की उजव्या, ते काकांना विचारून कळवा. आणि रेकॉर्ड केलेली ओवी आत बसवा, असं तुम्ही पुढे लिहिलंय, ते मी करणार नाही. ओवी तिला येत असेल तर ती म्हणेल.

प्रश्न : तुमच्या कार्यशाळेत केलेलं माकड आता कुरकुरतं. खोबरेल तेल घातलं तर थंडीत जास्तच अडकायला लागलं. — इयत्ता सातवी, सातारा

अरे, खोबरेल २४ अंशांच्या खाली गोठतं. साताऱ्याच्या थंडीत तुझं माकड अडकणारच! कापडाने ते सगळं पुसून काढ. जिथे लाकडावर लाकूड घासतं तिथे मेणबत्ती घास. जिथे तार लाकडाच्या भोकातून जाते तिथे ६ बी पेन्सिलीची पूड घाल. प्लॅस्टिकच्या गिअरला सिलिकॉनचं ग्रीस, बाबांच्या स्कूटरचं नव्हे. एवढं करूनही कुरकुरलं तर शेपटीच्या मागचा स्क्रू अर्धा वळसा सैल कर. कार्यशाळेत सगळ्यांनी तो फार आवळला होता.